तावडे सरांची शून्यं

कुठलाही नवा चष्मा हातात आला की तावडे सर आधी तो गालाला लावून बघायचे. काडी किती तापते, ते. आम्ही बाकीचे पडदा किती उजळ आहे आणि कॅमेरा कसा आहे याच्या गप्पा मारत असायचो, आणि हे कोपऱ्यातल्या खुर्चीत काडी गालाला चिकटवून, डोळे मिटून, डॉक्टरांनी थर्मामीटर लावलेल्या पेशंटसारखे बसलेले. पाच मिनिटांनी डोळे उघडून म्हणायचे, हा कानशिलावर चटका देतो, परत पाठवा. आणि मग कितीही महागाचा चष्मा असला तरी तो परत जायचा.

चष्मा म्हणजे नंबरचा नव्हे, स्मार्ट चष्मा. नाकापाशी इवलासा कॅमेरा, काडीत स्पीकर आणि माइक, आणि काचेत उमटणारी अक्षरं. घालणाऱ्याला ती हातभर अंतरावर हवेत लिहिल्यासारखी दिसतात, समोरच्याला काहीच दिसत नाही. आमची कंपनी अशा चष्म्यांसाठी ॲप बनवते. कंपनी म्हणजे सात माणसं आणि घाटकोपर पश्चिमेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. खालच्या मजल्यावर प्लॅस्टिकची झाकणं बनतात आणि त्यांचं मशीन दाणकन आपटलं की आमची टेबलं हलतात. आधी आम्ही फोनची ॲप करायचो. मग आमचे मालक नीलेशभाई यांच्या डोक्यात चष्मा शिरला. फोनचे दिवस भरले, आता जे काही असेल ते माणसाच्या नाकावर, असं त्यांनी एका सोमवारी जाहीर केलं आणि आम्ही कामाला लागलो.

त्याच सुमारास त्यांनी तावडे सरांना टेस्टर म्हणून आणलं. विश्राम तावडे, वय साठच्या घरात. मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते. स्वतः तावडे सर पस्तीस वर्षं एका कारखान्यात यंत्रांची कंट्रोल पॅनल तपासत होते. पांढऱ्याशुभ्र मिशा, फुल शर्टाची बटणं मनगटापर्यंत लावलेली, खांद्याला कापडी पिशवी. मी तेव्हा चार कंपन्या बदलून आलेली, मुलुंडची, स्वतःला फार शहाणी समजणारी. हा माणूस आमचं ॲप काय तपासणार, असं मी जेवताना सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं होतं. पहिल्या दिवशी कोणीतरी त्यांना काका म्हणालं, तर शांतपणे म्हणाले, काका मी माझ्या पुतण्यांचा, इथे तावडे. मग आम्ही तडजोड म्हणून सर म्हणायला लागलो.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी जिरवली. मी बनवलेलं ॲप घालून ते गाळ्यातून निघाले आणि घाटकोपर स्टेशनपर्यंत चालत गेले, भाजीवाले, हातगाड्या, रिक्षांची रांग, सगळ्यातून. तासाभराने परत आले ते शर्टाच्या बाहीला ऑइल लागलेलं. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, “तिघांना धडकलो. एका बाईची कोथिंबीर सांडली. नापास.”

मी म्हटलं, सर, मेन्यू तर बरोबर चालतोय ना?

“मेन्यू झकास चालतोय गं. माणूस चालत नाहीये. फोन खिशात टाकता येतो, मेधा. हा नाकावर असतो.”

तेव्हापासून आमच्याकडे नियमच झाला. कुठलंही ॲप स्टेशनपर्यंत चालून आल्याशिवाय बाहेर जायचं नाही. इतर ठिकाणी लोक बटणांचे रंग ठरवायला मीटिंगा घेतात, आमच्याकडे रस्त्यावर किती जणांना धक्का लागला ते सर विचारायचे. माझी सवय फोनची, पडद्यावर जागा दिसली की भरून टाकायची. तावडे सरांनी ती एकेक ओळ पुसायला लावून मोडली. शेवटी काचेत चार शब्द उरायचे आणि तेही दोन सेकंदांत विरून जायचे. खोटं कशाला सांगू, मला राग यायचा. महिनाभर घासून केलेलं काम हा माणूस बोटाने पुसायचा. पण ते चार शब्द घेऊन मी जेव्हा स्वतः स्टेशनपर्यंत चालत गेले आणि कुणालाही न धडकता पोचले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी आजवर नवीन यंत्रावर जुनंच काम करत होते.

त्यांचे आणखी दोन नियम होते, आणि पुढचं सगळं त्या दोन नियमांमुळे झालं म्हणून ते नीट सांगते.

पहिला नोंदवहीचा. संगणकात सगळं आपोआप नोंदलं जात असताना हे दोनशे पानी वहीत लाल पेनाने तारीख घालून लिहायचे. जे दिसलं तेवढंच. आणि लिहिलेलं खोडायचं नाही. चूक झाली असेल तर खाली ‘शेरा’ असं लिहून नवी ओळ घालायची, पण वरच्या ओळीला हात लावायचा नाही. खोडलं की आपण कुठे चुकलो होतो तेच विसरायला होतं, असं त्यांचं म्हणणं.

दुसरा नियम तोंडाचा. टेस्ट घेणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. हा नियम मला मुलुंडच्या एका टॉवरमध्ये कळला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांसाठी आम्ही एक ॲप केलं होतं. मेकॅनिकने चष्मा घालायचा, काचेत एकेक पायरी दिसणार, कुठला स्क्रू, कुठली वायर. मेकॅनिक बिचारा दुसऱ्याच पायरीवर अडकला. दहा मिनिटं तो मान हलवतोय, काडीवर बोट फिरवतोय, घाम पुसतोय. मला राहवेना. मी तोंड उघडणार इतक्यात तावडे सरांनी ओठांवर बोट ठेवलं. शेवटी त्या माणसाने चष्मा काढला, कॉलरला अडकवला आणि नेहमीसारखं आपल्या मनाने काम पुरं केलं. खाली आल्यावर मी चिडले, म्हटलं, एक शब्द सांगितला असता तर? तर म्हणाले, तू सांगितलंस की तो तुझं ऐकतो, मग चष्मा काय सांगतो ते आपल्याला कधीच कळत नाही. आणि माणसाने चष्मा काढला म्हणजे आपण हरलो, ते वहीत लिहायचं. त्यांनी जिन्यातच वही काढून लिहिलं.

घरच्या गोष्टी ते फारशा काढत नसत. डब्यात कुळथाची पिठी आणि भात असायचा. आधी तो डबा ठरल्या वेळी, मोजून मापून भरलेला असे. एके वर्षी दिवाळीच्या पुढेमागे डब्यात नुसता भात यायला लागला. मग एक दिवस रिकामाच डबा आला, स्वच्छ घासलेला, झाकण लावलेला. त्यांनी तो उघडला, पाहिला, बंद केला आणि खालच्या टपरीवरून वडापाव आणून खाल्ला. आम्ही काही विचारलं नाही. चार दिवसांनी त्यांनीच मला चहाला खाली नेलं आणि सांगितलं.

बायकोचा उल्लेख ते ‘आमची’ असा करायचे. आमची आता विसरायला लागली आहे, म्हणाले. डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलंय. गॅस विसरते, आंघोळ विसरते, मुलगी पुण्याला असते हे विसरून तिला शाळेतून आणायला निघते. वाचता येतं अजून. दहिसरच्या आमच्या गल्लीतले सगळे बोर्ड मोठ्याने वाचत चालते, अगदी किल्लीवाल्याचासुद्धा.

मग म्हणाले, “परवा मी इथून घरी गेलो. तिने दार उघडलं. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. आणि म्हणाली, हे घरी नाहीत, संध्याकाळी येतील.”

ते पुढे म्हणाले की त्यांनी तिथल्या तिथे विचारलं होतं, अगं मी कोण? तर ती रडायला लागली. तेव्हापासून विचारायची हिंमत होत नाही.

ते दुसऱ्या दिवशी वही घेऊनच आले. ॲपची कल्पना त्यांची, लिहिलं मी. समोर माणूस आला की चष्म्याने त्याचा चेहरा ओळखायचा आणि काचेत फक्त त्याचं नाव दाखवायचं. चार शब्दसुद्धा नाहीत, एकच. घरातल्यांचे फोटो आणि नावं आधी भरून ठेवायची. पण काचेतलं नाव तिने वाचलं की नाही, हे बाहेरच्याला कळणार कसं? तो प्रश्न मी सोडवला. नाव दिसलं की तिने ते मोठ्याने म्हणायचं, माइकने ऐकायचं, पाच सेकंदांत ऐकू आलं तर एक गुण, नाही आलं तर शून्य. फार सोपं आणि स्वच्छ. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं तेव्हा.

नीलेशभाईंनी एक चष्मा काढून दिला. विसरभोळ्या माणसांसाठी असं ॲप पुढे खूप चालेल असं त्यांना वाटत होतं. तावडे सर पुढचं काही बघत नव्हते. त्यांना एकच गोष्ट हवी होती, तिने आपल्याकडे बघून आपण कोण ते जाणावं.

रविवारी मी दहिसरला त्यांच्या घरी गेले. नदीच्या बाजूला जुन्या चाळीच्या जागी झालेली इमारत, पाचवा मजला, दारावर तोरण. काकू गाउनमध्ये, केसांचा घट्ट अंबाडा, अतिशय टापटीप. दिवसभर त्यांना सांभाळायला सुनंदाबाई यायच्या, त्याही तिथल्याच, जवळच राहणाऱ्या. आम्ही फॉर्म भरायला बसलो. चष्मा घालणाऱ्याचं नाव लिहिताना तावडे सरांचं बोट जरा अडखळलं आणि मग त्यांनी ‘सुलभा’ असं टाइप केलं. ते नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग मुलगी प्राची, मग सुनंदा, मग शेजारचे दोघं, मग मी. स्वतःसाठी त्यांनी नावाचा रकाना रिकामा ठेवला आणि नात्याच्या रकान्यात ‘नवरा’ असं लिहिलं. ॲपने ते घेतलं नाही. नाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, अशी तांबडी ओळ आली. ती तांबडी ओळ मीच घातली होती. कुठलाही फॉर्म करताना आम्ही नावाचा रकाना सक्तीचा करतो, हात आपोआप तिकडे जातो. “घाल मग नाव,” ते म्हणाले, आणि मी ‘विश्राम’ असं घातलं.

पहिल्याच टेस्टला काकूंनी माझ्याकडे बघितलं, काचेत बघितलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, मेधा. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सुनंदा आली, सुनंदा म्हणाल्या. भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो होता, तोही आम्ही भरला होता. तिथेही नाव वाचलं आणि मग फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. ॲप फोटोला माणूस समजतं, ही खरं तर चूक, मी दुरुस्त करायला निघाले होते. तावडे सर नको म्हणाले. फोटोतल्या माणसालाही नाव असतं, राहू दे.

मग ते स्वतः समोर येऊन बसले. नियमाप्रमाणे तोंड बंद. चष्म्याला जोडलेल्या माझ्या फोनवर मला दिसत होतं, काचेत ‘विश्राम’ उमटलंय. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली गेली, उजवा हात खांद्याकडे गेला, कॅमेऱ्यात नुसती फरशी दिसायला लागली. पाच सेकंद संपले. शून्य.

तावडे सरांनी वही उघडून लिहिलं, विश्राम, शून्य. आणि म्हणाले, पहिलीच आहे, होईल.

ते झालं नाही. पुढचे सात-आठ महिने ते दर आठवड्याला दोनदा टेस्ट घेत आणि सोमवारी वही माझ्या टेबलावर ठेवत. प्राची, एक. सुनंदा, एक. शेजारचे कदम, एक. विश्राम, शून्य. आम्ही काय काय केलं नाही. चेहरा नीट ओळखला जात नसेल म्हणून त्यांनी हॉलमधले दिवे बदलले. नाव छोटं दिसत असेल म्हणून मी अक्षर मोठं केलं. ते समोर आले की चष्मा खाली झुकतो आणि कॅमेरा हलतो, हे माझ्या नोंदीत दर वेळी येत होतं, म्हणून मी दोष नोंदवला, नाकावरची पट्टी सैल आहे का बघा. सरांनी तीनदा पट्टी बदलली. इतरांच्या वेळी चष्मा का झुकत नाही, एवढा साधा प्रश्न आमच्या दोघांपैकी एकालाही पडला नाही. मला वाटलं त्यांची उंची, खिडकीचा उजेड, काहीतरी असेल.

त्यांना दुसरंच वाटत होतं. एकदा स्टेशनपर्यंत चालताना, कानाला ट्रॅफिक, अंगावर ऊन, ते एकदम म्हणाले, “मेधा, किल्लीवाल्याचं नाव वाचते गो ती. माझं तेवढं नाय.” मी म्हटलं, सर, पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे ॲपच्या नव्या आवृत्तीत, करू. मला तेवढंच बोलता येत होतं. आमच्या धंद्यात कुठल्याही दुःखाला पुढच्या बिल्डमध्ये ढकलता येतं.

मग एका शुक्रवारी ते ऑफिसात आले आणि सगळा गाळा त्यांच्याकडे बघायला लागला. मिशा काढल्या होत्या. वरचा ओठ लहान मुलाच्या पायासारखा पांढरा. मग सगळे हसायला लागले, नीलेशभाई बाहेर येऊन हसले, तावडे सरही हसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, लग्नात मला मिशा नव्हत्या, कदाचित तिला तो चेहरा आठवत असेल. नवे फोटो काढ, जुने काढून टाक. मी त्यांना खिडकीशी बसवलं आणि ॲपला लागतात तसे फोटो काढले, समोरून, डावीकडून, उजवीकडून.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी घरी टेस्ट घेतली. सोमवारी सकाळी दूध आणायला म्हणून खाली उतरले, लिफ्ट बंद होती, तिसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसले. शेजारच्या कदमांना ते भिंतीला टेकून विश्रांती घेतायत असं वाटलं. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त शरम वाटली. त्या माणसाला हवी असलेली एक गोष्ट मी त्याला देऊ शकले नव्हते आणि ते आता कधीच होणार नव्हतं. ऑफिसात त्यांची खुर्ची कोणी हलवली नाही. नवा चष्मा आला की सगळे एकमेकांकडे बघायचे, कोणी गालाला लावायचं नाही.

तेराव्यानंतर मी दहिसरला गेले. प्राची आईला पुण्याला नेणार होती. चष्मा कंपनीचा होता आणि तो परत आणायचं काम माझ्यावर आलं होतं. असली कामं मी कशी स्वीकारते, देव जाणे. प्राची सामान बांधत होती. तिने मला लाल पेनाची ती वही दिली, बाबांनी तुमचं नाव लिहिलंय म्हणाली. आतल्या पानावर खरंच लिहिलं होतं, हरवल्यास मेधाकडे द्यावी. शेवटच्या पानावर शनिवारची नोंद. मिशी काढून. प्रकाश चांगला. विश्राम, शून्य. समोर बारीक अक्षरात आकडा, अठ्ठावन्न. त्यांनी शून्यं मोजली होती.

काकू खुर्चीत बसल्या होत्या, चष्मा घालून. त्यांना त्याची सवय झाली होती, काढू देत नसत. भिंतीवर आईच्या फोटोशेजारी आता आणखी एक फोटो होता, हार घातलेला. मी काढून सरांना पाठवलेल्यांपैकीच, समोरून घेतलेला. प्राचीला बाबांच्या फोनमध्ये तोच शेवटचा सापडला होता.

मी चष्मा बंद करायला फोन उघडला. तेवढ्यात काकूंनी वर पाहिलं आणि माझ्या फोनवर ‘विश्राम’ उमटलं. त्या फोटोकडे बघत होत्या. मग मान खाली गेली. उजवा हात खांद्याकडे गेला, आणि या वेळी मी फोनकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते. गाउनवर नसलेला पदर त्यांनी चिमटीत धरला, खांद्यावरून पुढे घेतला आणि नीट केला. चष्मा सैल नव्हता. कधीच नव्हता.

सुनंदाबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सर समोर आले की नेहमी तसंच करायच्या. नाव नाही घेत ना त्या त्यांचं.”

मी विचारलं, म्हणजे?

“अहो म्हणजे काय? मी विचारलं ना मागे गणपतीत. म्हटलं, काकू, सगळ्यांचं वाचता, सरांचं का नाही वाचत? तर मला म्हणाल्या, नवऱ्याचं नाव काय असं मोठ्याने घेतात गं, चार माणसांत? माझी आई पण नाही घ्यायची.”

मी म्हटलं, मग तुम्ही सरांना सांगितलं का नाहीत? तर म्हणाल्या, त्यांची बायको, त्यांना मी काय सांगू? मला वाटलं तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल. खरंच होतं त्यांचं. ते कुणालाही ठाऊक असायला हवं होतं. माझ्या आजीने आजोबांचं नाव जन्मात घेतलं नव्हतं, मंगळागौरीला उखाण्यात घेतलं तेवढंच. तावडे सरांना तर घरात चाळीस वर्षं ‘अहो’ शिवाय दुसरी हाक नव्हती. पण तिने पाणी देऊन ‘हे घरी नाहीत’ म्हणून सांगितलं, त्या दिवशी माणूस इतका घाबरला होता की पुढच्या प्रत्येक टेस्टमधले गप्प पाच सेकंद त्याला तेच सांगत राहिले. आणि मी नवऱ्याला ‘अरे मंदार’ म्हणून हाका मारते, मला त्या तांबड्या ओळीत काही वावगं दिसलंच नाही.

मी काकूंसमोर खाली बसले. तावडे सरांचा नियम मोडला. फोटोकडे बोट दाखवून तोंडाने विचारलं, “काकू, हे कोण?”

त्यांना माझ्या प्रश्नाची गंमत वाटली. “काय विचारतंस गो? आमचे हे.” आणि मग दाराकडे बघून म्हणाल्या, संध्याकाळी येतील.

पलीकडे प्राची बॅगेची चेन ओढता ओढता थांबली होती. मी उठले, कारण मला तिथे रडायचं नव्हतं. चष्मा मी आणला नाही. नीलेशभाईंना सांगितलं काय घडलं ते. नावाचा सक्तीचा रकाना मी त्याच रात्री काढून टाकला आणि त्या एका चष्म्यात ‘विश्राम’ऐवजी ‘अहो’ असं घातलं. प्राची सांगते, पुण्यात फोटोसमोर गेली की आई ते वाचते. रोज वाचते. आता ऐकायला कोणी नाही, एवढंच.

वही माझ्याकडे आहे. मी तिच्यात काही खोडलेलं नाही. शेवटच्या शून्याखाली मी लाल पेनाने लिहिलंय: शेरा. टेस्ट चुकीची होती. ओळखत होत्या. अठ्ठावन्न वेळा.

मला मात्र तावडे सर आठवले की ते जिन्यातले किंवा स्टेशनच्या वाटेवरचे आठवत नाहीत. त्या शुक्रवारचे आठवतात. खिडकीशी स्टुलावर ताठ बसलेले, बटणं मनगटापर्यंत लावलेली, उघड्या पडलेल्या ओठावरून सारखं बोट फिरवणारे. खाली झाकणांचं मशीन आपटत होतं आणि फोन हलू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला होता. लग्नातल्या फोटोत मी हसतोय, ते म्हणाले. इथे हसू का?

मी म्हटलं, नको सर. ॲपला साधा चेहरा लागतो.